गड राखा, पुन्हा बांधू नका

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. महाराष्ट्राला आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण त्या आनंदाबरोबर एक जुनी मागणीही नव्या जोराने पुढे आली आहे. शिवजयंतीच्या व्याख्यानांत ती ऐकू येते, गडावर जमलेल्या तरुणांच्या बोलण्यात येते, लोकप्रतिनिधींच्या भाषणांत तर हमखास येते. मागणी अशी: गड मूळ रूपात पुन्हा बांधा.

तिच्यामागचे म्हणणे मी त्यांच्याच जोरात मांडतो. शिवाजी महाराजांच्या राजधानीत, रायगडावर, आज नुसती जोती उरली आहेत, ही शरमेची गोष्ट आहे. पडक्या भिंती पाहून पोरांना कसली स्फूर्ती मिळणार? राजस्थानात जा आणि बघा, किल्ले कसे राखावेत ते. आपल्याकडे पैसा आहे, यंत्रे आहेत, मागाल तितके हात आहेत. आड येते ते फक्त पुरातत्त्व खाते. ते स्वतः काही करत नाही आणि दुसऱ्याला करू देत नाही. नियम बाजूला सारा, राजवाडा उभा करा, नगारखान्यात पुन्हा नौबत झडू द्या.

या बोलण्यामागची माया खोटी नाही. पण मागणी साफ चुकीची आहे. ती मान्य झाली तर इंग्रजांच्या तोफांतून जे वाचले ते आपल्याच हातून जाईल.

पहिला प्रश्न साधा आहे. राजवाडा बांधायचा तो कशाच्या आधारावर? मे १८१८ मध्ये रायगडावर इंग्रजांचे तोफगोळे पडले, आग लागली आणि वरच्या वास्तूंचे लाकूडकाम जळून गेले. १० मे रोजी गड त्यांच्या हाती गेला. त्याआधीच्या राजवाड्याचा एकही मोजून काढलेला नकाशा आपल्याजवळ नाही. छप्पर कोणत्या उताराचे होते, खांब किती उंच होते, त्यांवर कोरीव काम होते का, मजले किती होते, यांतल्या एकाही प्रश्नाला पुराव्याचे उत्तर नाही. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील हजर होता. त्याने सिंहासनाविषयी आणि दरबारातल्या चिन्हांविषयी लिहून ठेवले, ते आपले भाग्य. पण त्याच्या नोंदींवरून सुताराला तुळई तासता येणार नाही. मग आज जे उभे राहील ते कोणाचे असेल? आजच्या एखाद्या वास्तुरचनाकाराचे, त्याने पाहिलेल्या चित्रपटांचे आणि निविदा जिंकलेल्या ठेकेदाराचे. त्याला शिवकालीन म्हणायचे आणि शाळेच्या सहलींना तसे सांगायचे? इतिहासाशी याहून मोठी अप्रामाणिक वागणूक मला माहीत नाही.

रायगडावरच्या बाजारपेठेचे उदाहरण घ्या. दोन समोरासमोरच्या ओळी, उंच जोती, मधून रुंद रस्ता. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती उंच ठेवली, असे गडावर सर्रास सांगितले जाते. ती दुकाने होतीच का, की वेगळ्या वापराच्या वास्तू होत्या, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद आज घालता येतो, कारण जोती जशीच्या तशी आहेत. पायऱ्या कुठे आहेत, खोल्यांची विभागणी कशी आहे, पाणी कुठून वाहून जात होते, हे उद्याचा अभ्यासक येऊन मोजू शकतो. त्यांवर भिंती चढवून, कौले घालून, पुढे फळ्यांची दुकाने मांडली की तो वाद कायमचा संपेल. उत्तर सापडल्यामुळे संपणार नाही, पुरावा गाडला गेल्यामुळे संपेल.

इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून मोडी दप्तरे गोळा केली. त्यांतला एखादा कागद कसरीने खाल्लेला निघाला, चार ओळी गेलेल्या निघाल्या, म्हणून त्यांनी तशाच शाईने आपल्या मनाच्या चार ओळी त्यात लिहिल्या असत्या, तर आपण त्यांना इतिहासाचार्य म्हटले असते का? जोते हाही दस्तच आहे. कागदाच्या बाबतीत जे पाप वाटते ते दगडाच्या बाबतीत पुण्य कसे होते?

आता शरमेविषयी. पडलेल्या भिंतींची शरम आपल्याला का वाटावी? त्या आपोआप पडल्या नाहीत. १८१८ नंतर सह्याद्रीतल्या अनेक गडांच्या वाटा आणि पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. अलंग, मदन, कुलंगच्या तुटलेल्या वाटेवर आज दोर लावून चढावे लागते. एवढा खटाटोप त्यांनी का केला? हे गड पुन्हा मराठ्यांच्या हाती गेले तर राज्य टिकणार नाही, अशी त्यांना धास्ती होती म्हणून. तुटलेली प्रत्येक पायरी ही त्या धास्तीची कबुली आहे. ती नव्या पायऱ्यांनी झाकून टाकली तर १८१८ चा सगळा अध्याय गडावरून पुसला जाईल. मला तो पुसायचा नाही. राजधानी जळाली हेही आपल्याच इतिहासात घडले आहे आणि रायगडावर उभे राहिल्यावर ते समजले पाहिजे.

पोरांच्या स्फूर्तीचे म्हणाल, तर महाराष्ट्रातली पोरे दर दिवाळीला अंगणात माती कालवून किल्ला करतात आणि त्यावर मावळे मांडतात. त्यांना कल्पनाशक्ती शिकवावी लागत नाही. मोठ्यांना राजवाडा डोळ्यांसमोर आणायचा असेल तर पायथ्याशी प्रतिकृती करा, चित्रे काढा, चित्रफिती बनवा. पुण्यात आंबेगावला शिवसृष्टी उभी राहते आहे. कल्पनेची जागा तिथे आहे. शिवकालीन दगडावर तिला जागा नाही.

राजस्थानचे उदाहरण देणाऱ्यांनी तो इतिहासही वाचावा. ज्या १८१८ साली रायगड जळाला, त्याच साली जोधपूर आणि जयपूर यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केले. त्यांच्या मेहरानगड आणि आमेर या किल्ल्यांवर १८१८ साली तोफा चालल्या नाहीत. राजघराणी तशीच राहिली, वास्तू त्यांच्या ताब्यात राहिल्या. छत गेलेच नाही, मग ते पुन्हा घालण्याचा प्रश्न कुठे येतो? त्याच राजस्थानातल्या चितोडगडावर जा. राणा कुंभाचा राजवाडा तिथे आजही भग्न उभा आहे. तोच चितोडगड २०१३ साली जागतिक वारसा यादीत गेला. कुंभाचा महाल नव्याने बांधल्याशिवाय मेवाडची इभ्रत राहत नाही, असे काही युनेस्कोने म्हटले नाही. आणि जैसलमेर? वस्तीचा, हॉटेलांचा किल्ला. तिथे माणसांनी वापरलेले पाणी शतकानुशतके कोरड्या राहिलेल्या पायात मुरले आणि भिंती खचू लागल्या. राजस्थानचा धडा घ्यायचा तर तो पुरता घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले २५ किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा विचार बाहेर आला तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला आणि सरकारला खुलासे करावे लागले. तो राग योग्य होता. हॉटेलासाठी गडाला हात लावू न देणाऱ्यांनी भव्यतेसाठी तो लावू द्यावा, हे कसे?

वॉर्साच्या जुन्या शहराचेही नाव पुढे केले जाते. दुसऱ्या महायुद्धात ते जमीनदोस्त झाले, पोलंडच्या लोकांनी ते पुन्हा बांधले आणि १९८० साली जागतिक वारसा यादीतही गेले. खरे आहे. पण त्यांच्याजवळ युद्धापूर्वी मोजून काढलेले नकाशे होते, अठराव्या शतकातली बारकाईने रंगवलेली नगरचित्रे होती, आणि त्या घरांत राहिलेली माणसे हयात होती. आपल्याजवळ यांतले काय आहे? आपल्या स्थितीशी जुळणारे उदाहरण जॉर्जियातले आहे. कुताइसी शहरातले बाग्राती कॅथेड्रल १६९२ साली तुर्कांच्या हल्ल्यात उद्ध्वस्त झाले होते. त्याचे अवशेष जागतिक वारसा होते. तिथल्या राज्यकर्त्यांनी राष्ट्राभिमानापोटी ते छतासकट पुन्हा उभे केले. काम २०१२ साली पुरे झाले. २०१७ साली ते कॅथेड्रल यादीतून काढून टाकण्यात आले. युनेस्कोचा मान मिरवायचा आणि त्याच वेळी मान मिळालेली वस्तू बदलून टाकायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

अहिल्याबाई होळकरांनी मंदिरे बांधली तेव्हा कोणत्या खात्याची परवानगी घेतली होती, असेही विचारले जाते. अहिल्याबाईंचे नाव घेताना त्यांनी काय केले तेही पाहावे. काशीला १७८० साली त्यांनी विश्वेश्वराचे मंदिर बांधले ते पूजेसाठी, त्यांच्या काळातल्या पाथरवटांकडून, त्या काळच्या हातोटीने. ते जुनेच आहे असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. त्यांच्या कामाशी तुलना करायची तर आज आपल्या देवळांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली जे चालते त्याची लाज वाटेल. यादवकालीन देवळाच्या कोरीव खांबांना तैलरंगाचे थरावर थर देतात. मूर्तींच्या बोटांमधल्या रेषा त्या रंगात बुजतात. गाभाऱ्यात चकचकीत फरशा बसतात, पुढे सिमेंटचा सभामंडप येतो. रंग काढायचा म्हणून कोणी वाळूचा फवारा मारतो आणि आठशे वर्षे टिकलेला घडीव पृष्ठभाग एका दुपारी निघून जातो. हे करणारे भाविकच असतात, आणि म्हणूनच हे स्पष्ट बोलणे भाग आहे.

चांगल्या हेतूने केलेले नुकसान भरून येत नाही. अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून लॉरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावले. ते आपल्या विद्येत निष्णात होते. निखळणारा गिलावा त्यांनी जागच्या जागी धरून ठेवला, तो उपकारच. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगण चढवले. काळ गेला तसे ते पिवळे, मग काळसर पडले, त्यावर धूळ बसली. ते उतरवण्यासाठी पुढच्या पिढ्यांतल्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे इंच-इंच काम करावे लागले. निष्णातांच्या हातून असे होते, तर रविवारी गडावर सिमेंटची पोती चढवणाऱ्यांच्या हातून काय होईल?

सिमेंटविषयी जरा विस्ताराने बोलतो, कारण सगळ्यात जास्त नासधूस त्याने केली आहे. पोर्टलंड सिमेंटचा शोधच १८२४ सालचा. आपले गड चुन्यात बांधले. चुनखडी भाजायची, कळीचा चुना विरवायचा, मुरवायचा, मग वाळू घालून घाण्यात मळायचा. बैल फिरायचे, दगडी चाक गोल चरातून फिरायचे. कित्येक गडांवर तो चर आणि ते चाक अजून पाहायला मिळते. चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत. असा चुना सावकाश घट्ट होतो, थोडा लवचीक राहतो आणि मुख्य म्हणजे श्वास घेतो. पावसाळ्यात भिंतीत शिरलेला ओलावा उन्हाळ्यात दरजांतून बाहेर पडतो. सिमेंट कडक आणि बंद. दरजा सिमेंटने भरल्या की पाणी आत अडकते, क्षार दगडाच्या अंगातून बाहेर येऊ पाहतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. कोकणातल्या सच्छिद्र जांभ्याला तर हे फार लवकर भोवते. सिमेंटची दरज जागच्या जागी राहते आणि भोवतीचा चिरा झिजतो. डागडुजी शाबूत, तट गेला.

तटाचे खरे शत्रू तीन: पाणी, झाड आणि माणूस. तट बांधणाऱ्यांनी पाणी जाण्यासाठी मोऱ्या ठेवल्या होत्या. त्या माती-पाल्याने तुंबल्या की पाणी भिंतीच्या पोटात साठते, भिंत फुगते, आणि एखाद्या श्रावणात बुरुजाचा तुकडा दरीत जातो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो, निषेध होतो, पुनर्बांधणीची घोषणा होते. मोरी साफ करायला चार माणसे आणि दोन दिवस पुरले असते. झाडांचेही तेच. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे, उंबराचे बी दरजेत पडते. बोटभर रोप असताना ते काढणे सोपे. दहा वर्षांनी त्याच्या मुळांनीच चिरे धरून ठेवलेले असतात. तेव्हा उत्साहाने ओढून काढले तर झाडाबरोबर तट येतो. ते टप्प्याटप्प्याने कापावे लागते, मुळे मारावी लागतात, पोकळीत चुना भरावा लागतो. हे काम दरवर्षी, पावसापूर्वी आणि पावसानंतर करायचे असते. त्याचे उद्‍घाटन होत नाही, त्यावर कोनशिला बसत नाही. म्हणूनच त्याला पैसा मिळत नाही. चुन्याला मुरायला आणि सुकायला महिने लागतात, आणि आपल्याकडे निधी मार्चअखेर संपवायचा असतो.

भव्यतेच्या घाईने काय होते ते मालवणात दिसले. ४ डिसेंबर २०२३ रोजी राजकोट किल्ल्यावर अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. समोरच्या पाण्यात सिंधुदुर्ग उभा आहे. त्याची बांधणी १६६४ साली सुरू झाली.

आता खात्याविषयी. ते कमी पडते, हे मी मान्य करतो. २०१३ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात देशभरातली ९२ केंद्र-संरक्षित स्मारके जागेवर सापडलीच नाहीत, अशी नोंद आहे. महाराष्ट्रात केंद्राची पावणेतीनशेहून अधिक आणि राज्याची साडेतीनशेहून अधिक संरक्षित स्मारके आहेत. वारसा यादीतल्या बारांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. इतक्या पसाऱ्याला पुरेल एवढी माणसे आणि एवढा पैसा त्या संचालनालयाला महाराष्ट्राने कधीच दिला नाही. पण खाते दुबळे आहे म्हणून कायदा मोडा, हा कुठला न्याय? दवाखान्यात डॉक्टर कमी आहेत म्हणून शस्त्रक्रिया कोणीही करावी, असे आपण म्हणत नाही. डॉक्टर नेमा म्हणतो.

पन्हाळ्याच्या रहिवाशांची काळजी मात्र वेगळी आहे. ते गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. स्मारकापासून १०० मीटरवर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटरवर निर्बंध, या २०१० च्या कायद्यातल्या तरतुदीने घराची डागडुजीही अवघड होते. त्यांचे गाऱ्हाणे ऐकलेच पाहिजे. त्यावर उपाय त्याच कायद्यात आहे: प्रत्येक स्मारकासाठी तिथली परिस्थिती पाहून स्वतंत्र उपविधी करायचे आहेत. ते फार थोड्या ठिकाणी झाले. ते करून घेण्यासाठी आंदोलन करा, मीही त्यात येईन.

आणि दुर्गसंवर्धन करणारे तरुण? त्यांच्या घामाचा मला आदर आहे. पाठीवर पाणी वाहून नेत ते गड स्वच्छ करतात, दरीत पडलेल्या तोफा वर आणतात. जे मंडळ परवानगी काढते, कामाआधी मोजमापे आणि छायाचित्रे घेते, जाणकाराला बरोबर नेते, ते महाराष्ट्रावर उपकार करते. पण टाक्याचा गाळ पाट्यांनी उपसून दरीत फेकणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे की त्या गाळात थर असतात, थरांत खापरे, नाणी, गोळे असतात, आणि कोणती वस्तू कोणत्या थरात होती यावरच तिचा काळ ठरतो. तो गाळ एकदा फेकला की ते ज्ञान कधीच परत येत नाही. दरवाजाला नवे सागवानी दार बसवायचे असेल तर बसवा, पण ते नवे आहे हे दिसू द्या, त्यावर साल कोरा.

वाचकहो, गडाच्या नावाने वर्गणी मागायला कोणी आले तर पैसे देण्याआधी त्यांना विचारा: चुना वापरणार की सिमेंट? परवानगीचा कागद दाखवाल? आज आहे तसे मोजून ठेवले आहे का? पुढच्या पावसाळ्यानंतर तट पाहायला कोण येणार? उत्तरे मिळाली नाहीत तर वर्गणी देऊ नका. आणि आपल्या आमदाराने राजवाडा बांधण्याचे आश्वासन दिले तर त्याला सांगा, राजवाडा नको. तालुक्यातल्या गडावर बारमाही चार पहारेकरी, चुन्याचे काम जाणणारा एक गवंडी आणि दर वैशाखात मोऱ्या साफ करण्याचा खर्च, एवढे अर्थसंकल्पात मंजूर करून आणा.